शिडाच्या जुन्या फळ्या


शीड लावून वाऱ्यानें धांवणारी विंडसर्फची फळी. तिचें पेटंट अमेरिकेंत १९७० सालीं मिळालें, आणि १९८४ सालीं लॉस एंजेलिस येथें हा खेळ ऑलिंपिकांतही आला. पुढें झालेल्या कांचतंतूंच्या कित्येक लांब फळ्या आज अडगळींत पडून आहेत. त्या कुजत नाहींत. जाळाव्या तर धूर अपायकारक.

कांहीं हौशी मंडळी त्यांची साल सोलून आंतील फोमच्या गाभ्यांतून लाटेवर स्वार होण्याचा सर्फबोर्ड घरींच घडवितात. आम्हांस हा उद्योग मोलाचा वाटतो. २००५ च्या डिसेंबरांत कॅलिफोर्नियांतील क्लार्क फोम हा कारखाना एकाएकीं बंद झाला, तेव्हां कारागिरांस कोऱ्या गाभ्यांची केवढी टंचाई पडली!

प्रथम गाभा पाणी प्यालेला नाहीं ना, तें पाहावें. ओली फळी उचलतांच जड लागते. डोलकाठीची खांच व मधल्या पात्याची चीर फोमच्या तुकड्यांनीं बुजवावी. शिडाची फळी बहुधा सपाट, तर सर्फबोर्डाचें नाक वर उचललेलें हवें. तो बांक जाडींतूनच कोरावा लागतो.

पुष्कळांचा घात होतो तो राळेपाशीं. गाभा पॉलिस्टायरीनचा असल्यास स्वस्त पॉलिएस्टर राळ त्यास खाऊन टाकते. तेथें इपॉक्सीच पाहिजे. चार पैशांच्या लोभानें महिन्याची मेहनत डोळ्यांदेखत विरघळते. आणि तरुणांनो, घासतांना कांचेची बारीक धूळ उडते. तिला नुसता रुमाल पुरत नाहीं. धूळ अडविणारा चांगला मुखवटा बांधल्यावांचून कानस हातीं धरूं नका.