गुणगौरवापासून गादीपर्यंत

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील विद्यार्थी गुणगौरव समारंभात एका विश्वस्तांनी केलेले भाषण)



पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण करणाऱ्या आपल्या ट्रस्टच्या वतीने चार शब्द बोलण्याची संधी मिळाली, हे मी माझे भाग्य समजतो. मी विद्वान नाही आणि वक्ताही नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि वडिलांच्या कापडाच्या पेढीवर बसलो, तो आजतागायत. म्हणून मी हिशेबाच्याच भाषेत बोलणार आहे. जमा काय झाले, नावे काय पडले आणि बाकी काय राहिली, एवढेच.

जमेची बाजू आपण आताच पाहिली. एकेक नाव पुकारले जात होते आणि पारितोषिक स्वीकारण्यासाठी पुढे येणाऱ्यांत मुलींची संख्या मुलांहून अधिक होती. कोणी वैद्यकीय शाखेची, कोणी सी.ए., कोणी कायद्याची, कोणी संशोधन करणारी. आपण सर्वांनी मनापासून टाळ्या वाजविल्या. परंतु पारितोषिके देणारे हात कोणाचे होते? व्यासपीठावर आम्ही सात जण बसलो आहोत आणि सातही पुरुष आहोत. भगिनींनी औक्षण केले, स्वागतगीत म्हटले, सूत्रसंचालन केले. निर्णय घेणाऱ्यांच्या रांगेत मात्र त्यांच्यापैकी एकही नाही. पन्नास वर्षांची बाकी ती हीच.

आपल्या धर्मपरंपरेने हे शिकविलेले नाही. भगवान ऋषभदेवांनी आपल्या दोन कन्यांना, ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या शिकविली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ज्या अंकांवर आमचा सारा व्यापार चालतो, ते अंक परंपरेने एका कन्येच्या हाती दिले होते, याची आठवण आम्हा व्यापाऱ्यांना क्वचितच होते. भगवान महावीरांच्या चतुर्विध संघात 14,000 मुनी आणि 36,000 आर्यिका होत्या, असे शास्त्र सांगते. त्या 36,000 आर्यिकांच्या प्रमुख होत्या आर्या चंदना. म्हणजे ज्ञानाबरोबर संघाचे नेतृत्वही स्त्रीकडे सोपविलेले होते.

फार दूर कशाला जावे? सी. पी. टँकवरील हिराबाग आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. ती उभारणारे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी हे मोत्यांचे व्यापारी. त्यांची कन्या मगनबाई यांना ऐन तारुण्यात वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीला घराच्या कोपऱ्यात बसविणे हाच लोकाचार होता. शेठजींनी तो मोडला. मुलीला संस्कृत आणि धर्मग्रंथ शिकविले, आणि तेवढ्यावर न थांबता तिला सार्वजनिक कामात पुढे केले. मगनबाईंनी मुंबईत श्राविकाश्रम चालविला, महिला परिषद उभी केली, गावोगाव फिरून व्याख्याने दिली. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांच्या कन्या कंकुबाई त्यांच्या सहकारी होत्या. 1914 साली शेठजींचे निधन झाले, तरी मगनबाईंचे काम 1930 मध्ये त्यांचा देह पडेपर्यंत चालू राहिले. वडिलांनी नुसते शिक्षण दिले असते, तर घरात एक विदुषी निर्माण झाली असती. त्यांनी अधिकार दिला, म्हणून समाजाला एक नेत्या मिळाली.

दुसरे उदाहरण आम्हा कापडवाल्यांच्या अभिमानाचे आहे. महर्षी कर्वे यांनी 1916 साली पुण्याजवळ हिंगणे येथे महिला विद्यापीठ सुरू केले, तेव्हा विद्यार्थिनी मोजक्या आणि पैसा त्याहून मोजका होता. 1920 मध्ये मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव लाभले. 1936 साली विद्यापीठाचे मुख्यालय मुंबईत आले. हे सर्वांना ठाऊक असते. मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. सर विठ्ठलदास 1922 मध्ये निवर्तले. त्यांच्या पत्नी लेडी प्रेमलीला यांनी देणगीदाराची विधवा म्हणून समारंभात हार स्वीकारण्यापुरते आपले स्थान मानले नाही. त्या संस्थेच्या कारभारात उतरल्या, आणि विद्यापीठाला वैधानिक मान्यता मिळाल्यावर त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या.

केवळ गुणवत्तेने हे आपोआप घडत नाही, याचेही उदाहरण आपल्याच शहरात आहे. डॉ. कमला सोहोनी यांनी 1939 साली केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी अध्यापन व संशोधन केले, परंतु पात्रता असूनही तेथील संचालकपदासाठी त्यांना वर्षानुवर्षे थांबावे लागले. उलट, अधिकार हाती आला म्हणजे काय होते ते डॉ. स्नेहलता देशमुख यांनी दाखविले. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या अधिष्ठाता म्हणून काम केल्यानंतर त्या 1995 ते 2000 या काळात मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. पदवी प्रमाणपत्रावर विद्यार्थ्याच्या आईचे नाव लिहिण्याचा निर्णय त्यांच्या कारकिर्दीतला. विद्यापीठाची स्थापना 1857 सालची. एवढ्या वर्षांत ही साधी गोष्ट ज्यांच्या मनात आली नाही, ते सारे वाईट होते असे नाही. त्या खुर्चीवरून त्यांना ती उणीव दिसलीच नाही.

आता थोडे माझ्या घरचे सांगतो, कारण दुसऱ्यांच्या वह्या तपासताना आपली वही झाकून ठेवणे बरे नव्हे. माझी बहीण माझ्याहून दोन वर्षांनी लहान. गणितात ती माझ्या पुढे होती. रात्री वडील दुकान वाढवून घरी आले की रोजमेळ तीच लिहीत असे, आणि एक आण्याचाही फरक राहिला तर तो सापडेपर्यंत झोपत नसे. बारावीनंतर तिचे लग्न ठरले. मी त्या वेळी महाविद्यालयात होतो. तिला पुढे शिकू द्या, एवढे एक वाक्य मी वडिलांना म्हणू शकलो असतो. म्हटले नाही, कारण गादी आपल्याला मिळणार हे मला ठाऊक होते. ती सुखात आहे, तिची तक्रार नाही. पण गेल्या दिवाळीत चोपडी पूजनाला आली असता संगणकावरचा आमचा ताळेबंद पाहताना तिने सहज एक चूक दाखविली, जी आमच्या कोणाच्याच लक्षात आली नव्हती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणूनच विश्वस्त बंधूंपुढे मी तीन गोष्टी ठेवू इच्छितो.

पहिली शिष्यवृत्तीची. अर्ज तपासताना मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे की मुलासाठी पालक परगावच्या, परदेशीच्या शिक्षणाची मदत मागतात आणि मुलीसाठी घराजवळच्या महाविद्यालयाची. आपणही मुलीच्या अर्जावर तिच्या लग्नाचा विचार मनात आणतो. यापुढे तो विचार बैठकीत निघू नये.

दुसरी वेळेची. आपल्या सभा दुकाने बंद झाल्यावर रात्री नऊनंतर भरतात. ही वेळ आमच्या सोयीची आहे. लालबाग-परळच्या रुग्णालयातून ड्यूटी संपवून आलेली डॉक्टर किंवा लहान मुलांची आई त्या वेळी येणार कशी? रविवारी सकाळी सभा घेतली तर कोणाचेही नुकसान नाही.

तिसरी सर्वांत कठीण, कारण ती खुर्चीची आहे. 2013 च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना संचालक मंडळावर किमान एक महिला घेणे बंधनकारक केले. आपल्याला असा कायदा लागू नाही, म्हणून आपण थांबून राहावे काय? मात्र विश्वस्ताचीच पत्नी किंवा सून नावापुरती घ्यायची आणि कागद घरी सहीला पाठवायचा, असे होऊ नये. समाजात सी.ए. आहेत, प्राध्यापिका आहेत, वकील आहेत. त्यांना योग्यतेने घ्यावे आणि धनादेशावर सही करण्याचा अधिकारही द्यावा. विद्वत्ता परीक्षेने सिद्ध होते, नेतृत्व मात्र अधिकार हाती आल्याशिवाय सिद्ध होऊच शकत नाही.

जागा नाही, असे उत्तर मिळेल, हे मी जाणतो. ती अडचण मी दूर करतो. गेली अनेक वर्षे मी ज्या खुर्चीवर बसलो, ती या सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या अखेरीस मी रिकामी करीत आहे. माझे त्यागपत्र मी अध्यक्षांकडे दिले आहे. धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज दाखल होईल, तेव्हा माझ्या जागी एखाद्या सुयोग्य भगिनीचे नाव असावे, एवढीच विनंती. माझ्या घरातील कोणाचेही नाव त्यासाठी सुचवू नये.

ज्या मुलींनी आज पारितोषिक घेतले, त्यांना एकच सांगतो. हे प्रमाणपत्र भिंतीवर लावून थांबू नका. आणखी काही वर्षांनी याच सभागृहात तुम्हाला पारितोषिक देताना पाहण्यासाठी मी खाली, पहिल्या रांगेत येऊन बसेन.

बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!