क्रियापदाच्या आश्रयाला

लखनौचा अमीनाबाद हा जुना बाजार अवधच्या अमजद अली शाहाचा वजीर अमीनुद्दौला याच्या नावाने ओळखला जातो. १९४७ च्या फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या कित्येक कुटुंबांनी या शहराच्या पेठांतून पुन्हा दुकाने मांडली. गिऱ्हाइकाशी बोलणे हिंदी-उर्दूत होऊ लागले. सिंधी घरात राहिली. या सिंधीत एक नवल आहे.

‘मी त्याला म्हटले’ असे सांगावयास मराठीला तीन शब्द लागतात. सिंधीला एकच पुरतो : ‘चयोमांसि’. ‘चयो’ म्हणजे म्हटले, ‘मां’ म्हणजे मी आणि शेवटचा ‘सि’ म्हणजे त्याला किंवा तिला. सांगणारा आणि ऐकणारा दोघेही क्रियापदाच्या आश्रयाला येतात. नात्यांचेही तसेच. ‘पिणसि’ म्हणजे त्याचा बाप, ‘माणसि’ म्हणजे त्याची आई. अर्नेस्ट ट्रम्प या जर्मन पंडिताने १८७२ साली प्रसिद्ध केलेल्या सिंधी व्याकरणात या प्रत्ययांचा विस्ताराने विचार केला आहे.

दूरच्या स्पॅनिश भाषेतही असाच प्रकार आढळतो. ‘दीमेलो’ म्हणजे ‘ते मला सांग’ : ‘दी’ सांग, ‘मे’ मला, ‘लो’ ते. मात्र ‘सांगू नकोस’ म्हणावयाचे झाले, की ‘नो मे लो दिगास’ असे होते. सर्वनामे सुटतात आणि क्रियापदाच्या आधी जाऊन बसतात. मराठीही या रीतीला अगदीच परकी नाही. ‘तू सांगितलेस’ यातला ‘स’ ‘तू’ची खूण आहे, पण ती कर्त्याची, कर्माची नव्हे.

१९६७ साली सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले. तिचे स्वतःचे राज्य मात्र भारतात नाही. अमीनाबाद असो की कल्याणजवळचे उल्हासनगर, तिचा खरा आधार घरातले बोलणेच. मूल ‘मैंने उससे कहा’ असे म्हणू लागले, तर अर्थात काही उणे पडत नाही. पण पक्वान्नाचे नाव, सणाचे नाव दुसऱ्या भाषेत जाऊन सुखाने नांदते. ‘सि’ला तसे एकट्याने जाता येत नाही. त्याला स्वतःच्या भाषेचा शब्दच लागतो. म्हणून आजीने नातवाला सांगितलेली साधी हकीकतही त्या इवल्याशा प्रत्ययाचे घर ठरते.