अठरा तारखेचं विचारा



जवळा बाजार या गावात मी पहिल्यांदा आलो तो खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून. नुकताच इतिहासाचा प्राध्यापक झालो होतो. पारावर एका आजोबांना वय विचारलं. म्हणाले, "पोलीस ॲक्शनच्या साली मी गुरं राखायचो." मी विचारलं, "निजामाची फौज शरण आली, त्यानंतर गावात काय झालं?" आजोबा काठी टेकत उठले आणि निघून गेले.

त्या प्रश्नापायी मी जनरल अल इद्रूस यांच्या कहाणीपाशी पोचलो. सय्यद अहमद अल इद्रूस, हैदराबाद संस्थानाचे सरसेनापती, घराणं मूळचं अरबी. पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाईनच्या आघाडीवर लढलेला हा माणूस. पोलीस ॲक्शन म्हणतात ती हीच: १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून भारतीय फौज निघाली आणि नळदुर्ग पहिल्याच दिवशी पडलं. १७ ला निजामानं युद्धबंदी जाहीर केली. १८ ला शहराबाहेर अल इद्रूस यांनी मेजर जनरल जयंतो नाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. आसफजाही घराण्याच्या सात कुलच्यांची दंतकथा तुम्ही ऐकली असेल. जितके कुलचे, तितक्या पिढ्यांचं राज्य. सातवा निजाम, सातवा कुलचा. जनरलच्या आठवणींच्या पुस्तकाच्या नावातही त्या सात भाकरी आहेत.

मी पेपरात या शरणागतीवर प्रश्न काढला, तर तपासणाऱ्यांनी तो खोडला. "अभ्यासक्रम सतरा तारखेला संपतो," म्हणाले. ती लाल रेघ मला आजही टोचते. आणि त्यापुढचं शोधणार कोण? आज माझ्या विषयातली हुशार मुलं तासिका तत्त्वावर दहा-दहा वर्षं काढतात. गावोगाव हिंडून म्हाताऱ्या माणसांशी बोलायला त्यांच्याकडे ना वेळ उरतो, ना एसटीचं भाडं.

सतरा तारीख, मुक्तीचा दिवस, आपली आहे. तिच्यासाठी मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थांनी तुरुंग सोसला. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांनी गावं लुटली, जाळली, माणसं मारली. ते विसरायचं नाहीच. पण फौजेनं शस्त्रं ठेवली तरी गावांतलं रक्त थांबलं नाही, आणि या वेळी मरणारे बहुतेक मुसलमान शेजारी होते. त्याच वर्षी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार चौकशीसाठी संस्थानात हिंडले. मृतांचा त्यांचा अंदाज २७ ते ४० हजार होता. नांदेड आणि उस्मानाबाद हे सर्वांत पोळलेल्या जिल्ह्यांपैकी होते. त्यांचा अहवाल कित्येक दशकं कपाटात राहिला.

म्हणून, पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो, कळकळीनं सांगतो, सतरा तारखेला थांबू नका. ज्याचा विजय झाला, त्यानं दुसऱ्या दिवशी काय केलं ते विचारा. गावाच्या बाबतीत विचारा, घराच्याही.

पारावरून आजोबा उठून गेले, त्या दिवशी संध्याकाळी मी एसटीची वाट पाहत होतो. आजोबा स्टँडवर आले. "लाव तुझी टेप," म्हणाले. त्यांच्या आईनं शेजारच्या मुसलमान घरातलं पोरगं चार दिवस कणगीमागं लपवलं होतं. कुणाला सांगायचं नाही, असं तिनं बजावलं होतं. आई गेली तरी आजोबांनी ते पाळलं होतं.

ती कॅसेट मी एका संस्थेत जपायला दिली. पावसाळ्यात छत गळलं आणि ती गेली. आजोबाही गेले. पण तुमच्या घरात कुणी पणजी, कुणी आजी अजून असेल. आज पदवी दाखवायला तिच्याजवळ बसाल, तेव्हा अठरा तारखेचं विचारा. ती उठून गेली, तर संध्याकाळपर्यंत थांबा.