जाड दिसते म्हणजे खाऊन-पिऊन सुखी?

(कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेलं भाषण)



आहारावर बोलायचं ठरलं तेव्हा दोघी-तिघींनी मला आधीच बजावलं, "ताई, डाएटची यादी नको हं." यादी आणलेली नाही. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. समाजकार्य शिकले आणि वस्त्यांमध्ये काम करते. पण तिथे एक वाक्य इतक्यांदा कानावर येतं, की त्याचा समाचार घ्यायलाच हवा. "ही कसली अशक्त? अंग बघा तिचं!" नवरा म्हणतो, सासू म्हणते, दवाखान्यात केसपेपर काढणाराही म्हणतो. आणि तीच बाई जिना चढताना धापा टाकते, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतले आकडे पाहा. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये २४ टक्के जणींचं वजन उंचीच्या मानाने जास्त होतं, १८.७ टक्के जणींचं कमी होतं आणि ५७ टक्के जणींना रक्तक्षय होता. हे ५७ टक्के त्या १८.७ मध्ये मावत नाहीत. म्हणजे ज्यांना आपण 'बऱ्या अंगाच्या' म्हणतो, त्यांच्यातही शरीराने उपाशी असलेल्या कितीतरी आहेत.

हे होतं कसं? भात, पोळी, भाकरी, साबुदाणा, बटाटा, साखर हे सगळे मुख्यतः पिष्टमय पदार्थ. पचल्यावर त्यांची साखर होऊन ती रक्तात येते. मग स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटतं आणि स्नायू व यकृत ही साखर आत घेतात. थोडी लगेच खर्च होते, थोडी साठवली जाते. पण साखर साठवायची ही कोठी फार लहान, जेमतेम अर्ध्या किलोच्या आसपास. त्यावर उरलेल्या ऊर्जेची चरबी होते. शिवाय रक्तात इन्शुलिन भरपूर असेपर्यंत आधी साठलेली चरबी बाहेर काढण्याचं काम मंदावतं.

म्हणून भात-भाकरी वाईट, असं मुळीच नाही. खर्चापेक्षा जास्त ऊर्जा पोटात गेली तरच वजन वाढतं, मग ती भातातून येवो नाहीतर तेलातून. एक ग्रॅम पिठातून ४ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम तेलातून ९. कष्टकरी बाईची भाकरी काढून घ्या असं सांगणारी फॅशन सध्या आली आहे, तिला माझा ठाम विरोध आहे. प्रश्न भाकरीसोबत काय नाही, हा आहे.

सगळ्यांची जेवणं झाल्यावर बाई बसते, तेव्हा भांड्यात काय असतं? भात असतो. डाळ खाली गेलेली, वर आमटीचं पाणी. अंडं किंवा मटणाची फोड असेल तर ती पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात गेलेली. पोट तर भरायला हवं, मग बाई भातच जास्त घेते. त्यात प्रथिनं कमी, चोथा कमी, म्हणून भूक लवकर परत लागते. ती चहावर भागवायची. दिवसाचे सहा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ६० ग्रॅम साखर, २४० कॅलरी. एका चांगल्या भाकरीएवढी ऊर्जा, पण भाकरीतलं बाकी काहीच नाही. प्रथिनं मिळाली नाहीत तर स्नायू नीट भरत नाहीत, आणि रक्तातली साखर सर्वांत जास्त ओढून घेतात ते स्नायूच. स्नायू कमी आणि पोटाभोवती चरबी जास्त, अशा शरीरात इन्शुलिनचं चालेनासं होतं. मधुमेहाची वाट तिथूनच निघते.

ही वाट जन्माआधीच सुरू होते, हे पुण्याजवळच्या सहा गावांत दिसलं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ मध्ये तिथल्या गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं सगळीकडून लहान होती, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. किडकिडीत दिसणारी, पण चरबी राखून असलेली बाळं! २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा जोडीने काढलेला फोटो छापून आला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. काटा दोघांबद्दल एकच गोष्ट सांगत होता.

त्या सहा गावांतल्या अभ्यासातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. आईने एकूण किती कॅलरी खाल्ल्या याचा बाळाच्या वजनाशी संबंध दिसला नाही. पालेभाज्या आणि फळं ती किती वेळा खाते, याच्याशी दिसला. आणि गरोदरपणी शेतात-घरात जास्त अंगमेहनत करणाऱ्या बायांची बाळं लहान होती. म्हणजे बाईला पालेभाजी मिळते का आणि विसावा मिळतो का, हे प्रश्न पुढच्या पिढीच्या मधुमेहाशी जाऊन भिडतात. (हे सासूला सांगितलं तर पटतं, असा माझा अनुभव आहे. सुनेसाठी नाही, नातवासाठी. तेही चालेल.)

आता उपाशी राहण्याबद्दल. वजन वाढलं की बाई पहिलं काय करते? एक जेवण सोडते, नाहीतर उपवास वाढवते. उपवासाला साबुदाणा, म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. १०० ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅमही प्रथिनं नाहीत. खिचडीत जी ताकद आहे ती दाण्याच्या कुटाची. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुण पुरुषांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. वजन सुमारे चौथ्या हिश्श्याने उतरलं, पण शरीरानेही खर्च आखडता घेतला. त्यांना थंडी वाजायची, कशात मन लागायचं नाही, डोक्यात सतत अन्न. पुन्हा पोटभर मिळू लागल्यावर स्नायूंच्या आधी चरबी परतली. अर्धपोटी राहिल्याने काय होतं हे कळायला पुरुषांवर प्रयोग करावा लागला, याचं मला नेहमी हसू येतं.

मग करायचं काय? घरात एक साधी गोष्ट: वरण-उसळ चुलीवरून उतरली की आधी सगळ्यांच्या वाट्या भरून ठेवायच्या, आपलीही. जेवण मागून करा हवं तर, वाटी आधी. उरलेल्यावर हक्क सांगण्यापेक्षा हे सोपं आहे आणि भांडणही कमी होतं. काट्याबरोबर शिंप्याची टेप ठेवा. आपल्याकडच्या बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली तर साखर तपासून घ्यावी, मग ती कितीही सडपातळ दिसो. गरोदरपणात साखर वाढली होती, बाळंतपणानंतर उतरली, असं झालं असेल तर पुढेही तपासत राहायला हवं. इथेच बायका निसटतात, कारण बाळंत झाली की तिची विचारपूस संपते.

पण सगळं वाटीवर सोडू नका, कारण वाटीत घालायला डाळ विकत घ्यावी लागते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून ते फुकट मिळतं. भूक हटवायला त्याची मोठी मदत झाली, ते नाकारू नये. पण हाती पडतात ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. कायद्यात भरडधान्यही आहे. डाळ मात्र त्यात नाही आणि तेलही नाही. ज्वारीत चोथा जास्त, दिवसभर काम करताना ती पोटाला धरून राहते. आपल्याच मातीतली ज्वारी आज बाजारात गव्हापेक्षा महाग मिळते आणि शहरातली खाती-पिती माणसं ती वजन उतरवायला नेतात!

त्याच कायद्याने रेशनकार्डावर घरातल्या सर्वांत वडील बाईला कुटुंबप्रमुख केलं आहे. तेव्हा कार्डावर नाव असलेल्या बायकांनीच डाळ आणि ज्वारी मागायला तहसील कचेरीत जायला हवं. अर्जाचा मसुदा मी आणला आहे. जेवणानंतर गटात बसून वाचू, आपापल्या तालुक्यातल्या दुकानात गेल्या सहा महिन्यांत काय मिळालं ते त्यात भरू. ज्यांनी कार्डं आणली आहेत त्यांनी ती जवळ ठेवा.