मंद वाऱ्याचें मोजमाप

देवघरांतील उदबत्तीचा धूर एका बाजूस कलला म्हणजे हवा हलत आहे एवढें कळतें. ती किती वेगानें हलत आहे, हें कळत नाहीं. वेधशाळेच्या छपरावरील फिरत्या वाट्यांचें यंत्रही येथें निरुपयोगी ठरतें. इतक्या मंद हवेंत त्या वाट्या जागच्या हालत नाहींत. परंतु मनुष्याचें स्वास्थ्य बऱ्याच अंशीं याच मंद हालचालीवर अवलंबून असतें.

कोंदट खोलींत जीव गुदमरतो तो प्राणवायु कमी पडल्यामुळें, अशी जुनी समजूत होती. इंग्लंडमधील शरीरशास्त्रज्ञ लेनर्ड हिल यांनीं कांहीं विद्यार्थ्यांना हवाबंद कोठडींत बसविलें. ते कासावीस झाल्यावर आंतील पंखे सुरू केले. हवा तीच, तितकीच दूषित. तरी त्यांना तत्काळ आराम वाटला. अंगची उष्णता बाहेर न जाणें, हेंच खरें दुखणें होतें.

ही उष्णता किती त्वरेनें जाते हें कळावें म्हणून हिल यांनीं 'कॅटा थर्मामीटर' तयार केला. 1916 सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध झालें. 'कॅटा' या ग्रीक शब्दाचा अर्थ 'खालीं'. त्याच्या मोठ्या फुग्यांत मद्यार्क असतो. फुगा ऊन पाण्यांत धरून मद्यार्क वर चढवावयाचा, फुगा कोरडा पुसून यंत्र टांगावयाचें, आणि मद्यार्क 100 अंश फॅरनहाइटवरून 95 अंशांवर उतरण्यास किती सेकंद लागतात तें पहावयाचें. नळीवर कोरलेल्या अंकास त्या सेकंदांनीं भागलें कीं हवेची शीतनशक्ति मिळते. खोलींतील उष्णतामान ठाऊक असल्यास तीवरून वाऱ्याचा वेग काढतां येतो.

वेग चौपट झाला, तरी वाऱ्यामुळें होणारी उष्णतेची गळती सुमारें दुप्पटच होते. म्हणून हें साधन मंद वाऱ्यांत विशेष तरल असतें. विजेनें तापविलेल्या बारीक तारेसाठीं हाच नियम मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठांतील एल. व्ही. किंग यांनीं 1914 सालीं मांडला. आज कित्येक मोटारींच्या एंजिनांत शिरणारी हवा याच तत्त्वावर मोजली जाते.

हवाच 100 अंशांवर गेली, तर साध्या कॅट्यांतील मद्यार्क उतरणार कसा? त्यासाठीं 130 ते 125 अंशांच्या खुणांचा निराळा कॅटा करण्यांत आला. यंत्राच्या खुणा अशा वर सरकवितां येतात. शरीराचें उष्णतामान मात्र 98 अंशांच्या आसपासच राहावें लागतें. अशा हवेंत घाम वाळणें हाच एक उपाय उरतो. कापसाच्या गिरणींत सूत तुटूं नये म्हणून हवा दमट ठेवितात, आणि तेथें घामही लवकर वाळत नाहीं. यास्तव फुग्यावर ओलें कापड चढवूनही मोजणी करावी लागते. कामगारास त्या हवेंत किती वेळ उभें करावें, हें कोरड्या फुग्यावरून ठरवितां येत नाहीं.