जॉबरची ओळख आणि मोबाईलवरची ओळख



मुंबईच्या गिरण्यांत काम जॉबरच्या ओळखीनं मिळायचं. त्याच्या गावचा, नात्यातला असला की बदलीत लागला. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून साचेखात्यात आपल्या माणसाला घेतच नसत. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला.

आता लिंक्डइन आहे, २००३ पासून. आपली पोरं तिथं नाव टाकतात अन् आळीतल्याच चौघांना जोडून बसतात. अरे, शेजाऱ्याला जे ठाऊक, ते आपल्याला ठाऊकच की! मार्क ग्रानोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्येच मांडलं, की नोकरीची बातमी बहुधा लांबच्या ओळखीतून येते. लिंक्डइनवरच्या दोन कोटी लोकांचा अभ्यास २०२२ मध्ये छापून आला, त्यातही जरा लांबची ओळखच जास्त कामी आलेली दिसली.

तेव्हा आयटीआयचे जुने सर, आधीच्या कारखान्यातला सुपरवायझर, यांना जोडा. नुसतं ‘सर, नोकरी द्या’ लिहू नका. कोणतं मशीन चालवता, किती वर्षं, ते लिहा. मुलींचीही नावं तिथं पाहिजेत. नोकरीसाठी कुणी आधी पैसे मागितले तर छदामही देऊ नका. ज्यांना जमत नाही त्यांनी रविवारी वंदनेनंतर थांबावं, आम्ही शिकलेल्या पोरांना बसवतो.