बेरेनिकी

ग्रीस देशांत मारिया, एलेनी, कातेरिना हीं मुलींचीं नांवें पावलोपावलीं भेटतात; बेरेनिकी हें नांव मात्र क्वचितच कानीं पडतें. आजच्या ग्रीकांच्या तोंडीं त्याचा उच्चार 'वेरेनिकी' असा झाला आहे. या विरळ नांवाचा उलगडा करूं गेल्यास त्याचें मूळ वेदांतील एका सुपरिचित नांवाच्या शेजारीं सांपडतें.

'नीकी' म्हणजे विजय. 'फेरो' म्हणजे वाहून आणणें. यावरून अस्सल ग्रीक रूप 'फेरेनिकी', म्हणजे विजय घेऊन येणारी. ग्रीक 'फेर्' आणि संस्कृत 'भृ' हीं एकाच मूळ धातूचीं रूपें. मराठींतील 'भार' आणि 'भरणें' त्याच कुळांतले. 'विश्वंभर' शब्दाच्या धर्तीवर या नांवाचें 'जयंभरा' असें भाषांतर करतां येईल. पण याहून जवळचें साम्य निराळेंच आहे. संस्कृत समासांत क्रिया दाखविणारें पद बहुधा शेवटीं येतें, या ग्रीक नांवांत तें आरंभीं आहे. वेदकालीन भाषेंत मात्र तशीच जुनी रचना आढळते, ती 'भरद्वाज' या नांवांत. वाज म्हणजे बल, अथवा जिंकून मिळविलेलें धन. तें आणणारा तो भरद्वाज. श्रोत्यांपैकीं ज्यांचें गोत्र भारद्वाज असेल, त्यांनीं फेरेनिकीला दूरची नातलग मानण्यास हरकत नाहीं.

मग 'फ'चा 'ब' कसा झाला? हा मॅसिडोनियन लोकांचा प्रताप. मूळच्या 'भ'चा ग्रीकांनीं 'फ' केला, मॅसिडोनियन लोक 'ब' म्हणत. फिलिप्पोस या नांवाचें ते 'बिलिप्पोस' करीत. अथेन्सच्या पंडितांना तो उच्चार गांवढळ वाटला असेल. परंतु अलेक्झांडरच्या मागें त्याचा सरदार टॉलेमी यानें इजिप्तचें राज्य घेतलें आणि त्याच्या राणीचेंच नांव बेरेनिकी होतें. सत्ता ज्याच्या हातीं, त्याचेंच शुद्धलेखन शुद्ध!

या राणीच्या मुलानें आईच्या नांवें तांबड्या समुद्राच्या कांठीं एक बंदर वसविलें. ख्रिस्तोत्तर पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथांत त्या बेरेनिकी बंदराप्रमाणेंच सोपारा आणि कल्याण यांचाही उल्लेख आहे. बेरेनिकीच्या उत्खननांत हिंदुस्थानी बनावटीच्या एका रांजणांत सुमारें ७.५ किलो काळीं मिरीं मिळालीं. २०२२ सालीं तेथें संगमरवरी बुद्धमूर्ति सांपडली. लिबियांतील आजचें बेंगाझी हें याच नांवाचें दुसरें शहर. लाकडाला चढवितात तें 'वॉर्निश' त्या शहराच्या नांवावरून आलें, असें बहुतेक कोशकार मानतात. ख्रिस्ती घरांतील व्हेरोनिका हेंही बेरेनिकीचेंच लॅटिन रूपांतर.

परंतु या नांवाला आकाशांत नेलें तें पहिल्या राणीच्या नातसुनेनें. ख्रिस्तपूर्व २४६ मध्यें तिसरा टॉलेमी गादीवर आला. सीरियाच्या राजाला दिलेल्या त्याच्या बहिणीचें नांवही बेरेनिकी. पति वारतांच सवतीच्या पक्षानें तिला व तिच्या लहान मुलाला ठार केलें. तिच्या कैवारासाठीं टॉलेमी सैन्यासह निघाला. मागें राहिलेली त्याची नवपरिणीत राणी सायरीनची राजकन्या होती, आणि तीही बेरेनिकीच. पति सुखरूप परतल्यास केसांची बट देवीला वाहीन, असा नवस तिनें केला. राजा परतला, बट देवळांत वाहिली गेली, आणि थोड्याच अवकाशांत ती तेथून नाहींशी झाली! तेव्हां दरबारचा ज्योतिषी कोनोन यानें अंधुक तारकांच्या एका पुंजक्याकडे बोट दाखवून, देवांनीं बट तेथें नेऊन ठेविली आहे, असें सांगितलें. कॅलिमाकस कवीनें त्यावर काव्य रचलें. पुढें रोमच्या कॅटलसनें तें लॅटिनमध्यें उतरविलें. खुशामतीचें इतकें टिकाऊ उदाहरण दुसरें मिळणें कठीण.

नांवांतला विजय मात्र राणीला शेवटपर्यंत पुरला नाहीं. पति वारला, पोटचा मुलगा गादीवर बसला, आणि ख्रिस्तपूर्व २२१ च्या सुमारास त्याच्याच पक्षाच्या लोकांनीं तिचा जीव घेतला.

तो तारकापुंज अद्याप तिच्याच नांवानें जगभर ओळखला जातो. मराठींत त्याला 'अरुंधती केश' म्हणतात. चैत्र-वैशाखांतील अंधाऱ्या रात्रीं, उत्तरा फाल्गुनी आणि स्वाती यांच्या दरम्यान, किंचित् उत्तरेकडे, महाराष्ट्रांत तो जवळजवळ डोक्यावर येतो. पाहण्यासाठीं शहरांतील दिव्यांपासून थोडें दूर मात्र जावें लागतें.